कड्यावर थांबलेला भाऊ

भर दुपारी धुकं उतरलं, तेव्हा म्हातारी नेस्टा डोंगरावरच्या दगडी झोपडीत येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी सरपण रचत होती. एक वाटसरू कुडकुडत आत आला आणि शेगडीला चिकटून बसला.

"मावशी, माझा भाऊ गेथिन वर कड्यावर आहे. पाय मुरगळला त्याचा. म्हणाला, तू हो पुढे, मी बसतो इथेच."

"अरे देवा!" नेस्टाने दोर आणि शिट्टी उचलली. "अंगात जाड कोट तरी आहे ना त्याच्या?"

ऊब लागली तशी वाटसरूने आपल्या ढगळ कोटाची बटणं सोडली. आत दुसरा कोट होता, अगदी त्याच्या मापाचा.

नेस्टाची नजर तिथेच खिळली.

"घाई करू नका, मावशी," तो म्हणाला. "त्याला आता थंडी वाजत नाही."