घडीची रेघ

“गजेंद्रभाई, मधला काळा पट्टा कुठं गेला?” अरविंद सरांनी विचारलं.

प्रदर्शनाचं दार उघडायला दहा मिनिटं होती. सर निवृत्त शिक्षक आणि सुरतेतल्या आकाशवेड्यांच्या मंडळाचे म्होरके. त्यांच्या हातातल्या फ्रेममध्ये एक सर्पिल दीर्घिका होती, ताटली कडेनं पाहावी तशी आडवी, बारीक. अशा दीर्घिकेच्या बरोबर मधून धुळीचा काळा पट्टा जातो. या फोटोत नुसती गुळगुळीत चमक होती.

“मी काही बदललं नाही, सर,” गजेंद्र म्हणाला. “नुसतं साफ केलं.”

बोलला आणि त्याला उमगलं, ऑफिसात तो रोज हेच म्हणतो.

गेली बारा वर्षं तो साडी कॅटलॉगचे फोटो साफ करत होता. पॉलिस्टरवर रेशमाची झळाळी चढवायची, पोरींच्या कंबरा कापायच्या, गालावरचा तीळसुद्धा ठेवायचा नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. त्याला या धंद्याची शिसारी आली होती. घरी तो बायकोचाही फोटो काढत नसे. दुर्बीण घेतली ती एवढ्यासाठीच, की जन्मात एक तरी खरा फोटो काढावा आणि त्याखाली आपलं नाव असावं. सुरतेबाहेर पलसाण्याच्या पुढे, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलांचा धूर चुकवत, उसाच्या बांधावर त्यानं तीन अमावास्या डास मारत काढल्या होत्या.

फोटोवर कॅमेऱ्यातल्या धुळीचे चार ठिपके आले होते. ते घालवायला त्यानं ऑफिसातल्या संगणकावरचंच बटण दाबलं होतं. साडी घडी घालून येते, फोटोत तिच्या घडीची काळी रेघ उमटते. ती एका फटक्यात पुसणारं बटण त्यानं स्वतःच बनवलं होतं. ठिपक्यांबरोबर पट्टाही गेला. वर त्यानं तो फोटो नीट निरखून पाहिला होता आणि खूश होऊन पाठवला होता.

“मूळ फोटो असेल ना? तो छापून आणू,” सर म्हणाले.

गजेंद्रनं लॅपटॉपवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडले. मूळ फोटोत मधोमध तो पट्टा होता, काळा, ओबडधोबड, फाटल्यासारखा.

“हा खरा. हाच लावायचा ना?” सरांनी विचारलं.

“हाच,” गजेंद्र म्हणाला. पण त्याला स्वतःचीच किळस आली. अजूनही त्याच्या डोळ्यांना देखणा वाटत होता तो दुसराच.