बंदीतलं शिबिर

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी शिवाला रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात आणलं. हृदयाची रक्तवाहिनी बंद होती. उशिरात उशिरा संध्याकाळपर्यंत ती उघडायला हवी, असं डॉक्टर म्हणाले.

त्याची बायको हिरा सरळ सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर गेली. तिला सगळं पाठ होतं: उपचार मोफत, आधार दाखवायचं, घाबरायचं नाही. जूनमध्ये, मासेमारी बंद असताना, वाडीत योजनेच्या नोंदणीचं शिबिर झालं. तेव्हा घरोघर फिरून बायका तिनेच जमवल्या होत्या.

काउंटरवरच्या दर्शनाला यादीत शिवाचं नाव सापडलं. फक्त ओळख पटवायची होती.

मशीनने अंगठा घेतला नाही. चाळीस वर्षं जाळ्याचे दोर ओढून बोटं गुळगुळीत झाली होती. दहाही लावून पाहिली. चेहरा दाखवायचा तर ऑक्सिजनचा मास्क काढावा लागणार. डॉक्टरांनी नकार दिला. उरला ओटीपी. तो मुलाच्या, अजिंक्यच्या फोनवर गेला. अजिंक्य तीन दिवसांपासून बोटीवर होता, रेंजबाहेर.

दर्शनाने विचारलं, घरातला दुसरा नंबर का नाही दिला?

"तेव्हा बंदी होती गो. पोरगे सगळे घरात, फोन त्यांच्याकडंच. वाडीत सगळ्यांनी पोरांचेच नंबर दिले." हिरा थांबली. "मीच सांगितलं तसं."

नंबर बदलायचा तर शिवाला आधार केंद्रावर न्यावं लागेल, असं दर्शनाने सांगितलं. सांगताना तिने मान वर केली नाही. रोख भरणं हिराच्या आवाक्यात नव्हतं.

शेजारचा भागोजी बंदरावर गेला आणि वायरलेसवरून त्याने बोट गाठली. एक वाजता काउंटरवर त्याचा फोन आला. बोट वळली होती, पण रेंजमध्ये यायला रात्रीचे आठ वाजणार. अजिंक्यला ओटीपीचा आकडा वायरलेसवरच सांगायला लावू का, असं त्याने विचारलं. आकडा आधी त्याच्या फोनवर पोचला पाहिजे, हे दर्शनाने दोनदा समजावलं.

दर्शना गेली सहा वर्षं हिराकडूनच मासे घ्यायची. टोपली उतरवून द्यायला शिवा असायचा.

"तू वळखतंस ना त्याला?" हिरा म्हणाली. "मग सांग मशीनला, हा शिवाच हाय."

चार वाजून पाच मिनिटांनी पाचवा ओटीपी पाठवला. तो दहा मिनिटं चालतो.

साडेपाचला भागोजीने कळवलं, बोट अजून रेंजबाहेर आहे. शिवाच्या मास्कवर वाफ धरते आहे, विरते आहे.