आठव्या भागाची बांधणी

धाकटीनं पुस्तकाच्या शेवटच्या फर्म्याचे, एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याचे, टाके कापले. सोळा पानं सुटून हातात आली. ती तिनं टेबलाच्या खणात ठेवली आणि खणाला किल्ली लावली.

"आता बसा म्हणावं," ती पुटपुटली.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं. खिळखिळी पुस्तकं उसवायची, पुन्हा शिवायची, नवा पुठ्ठा चढवायचा, हे तिचं बावीस वर्षांचं काम. एवढ्या वर्षांत तिनं कुठल्या पुस्तकाचं एक पानही कमी केलं नव्हतं. पण हे पुस्तक तिच्या थोरल्या जावेकडे जायचं होतं.

जादूच्या राज्याची ती कथा दहा भागांची होती. एक लहान मुलगी हरवलेल्या आईला शोधायला निघते आणि एक म्हातारा होडीवाला तिला नद्या पार करून देतो. दोघी जावांना त्या कथेचं वेड लागलं होतं. वाचनालयात संच एकच. थोरली घरीच शिवणकाम करायची, पुस्तक मशीनला टेकवून वाचायची, त्यामुळे कायम दोन भाग पुढे असायची. धाकटीचा चौथा भाग चालू होता तेव्हा एकदा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "हा होडीवाला आहे ना जाऊबाई, त्याच्यासाठीच मी वाचते बघा."

थोरलीनं मान वरही केली नाही. "त्याला काय जीव लावतेस? सहाव्यात बुडतो तो."

एवढं बोलून तिनं पुढची जुडी ओढली.

पंधरा दिवस धाकटीनं पुस्तक उघडलं नाही. सोडूनच द्यावं, असं तिच्या मनानं घेतलं. कशाला वाचायचं? होडीवाला हसला की तिला पाणी दिसायचं. तो गाणं गुणगुणला की पाणीच दिसायचं. मग एका सकाळी ती पुन्हा वाचायला बसली. आता कथेचं काही नव्हतं, थोरलीला गाठायचं होतं. पाचवा, सहावा, सातवा तिनं जिद्दीनं संपवले. आठवा दुसऱ्याच कुणाकडे अडकला होता आणि थोरली त्याच्यासाठी नंबर लावून बसली होती. तो परत आला तोच पाठीतून सुटलेला. म्हणजे थेट धाकटीच्या टेबलावर. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

तिनं तो आधी स्वतः वाचून काढला. शेवटची सोळा पानं वाचली तेव्हा तिला डबासुद्धा गेला नाही. मग तिनं पातं उचललं.

त्या सोळा पानांआधीचं पान अगदी हवं तिथं संपत होतं. मुलगी डोंगरातल्या घराचं दार ढकलते. आत आई उभी असते. मुलगी धावत जाऊन तिला मिठी मारते. बस्स. यापुढे काय, या विचारानं माणूस वेडंपिसं व्हावं अशी ती जागा होती. निदान धाकटीला तरी तसं वाटलं. आठ दिवस थोरलीला तडफडू द्यायचं, मग पानं गुपचूप परत शिवून टाकायची. वाचनालयाशी तिचं काही भांडण नव्हतं.

हात मात्र सवयीचे. उघडाबोडका शेवट त्यांना बघवेना. तिनं शेवटच्या पानामागं एक कोरं पान लावलं, पुठ्ठ्यावर गडद निळं कापड चढवलं, कडा घासून सारख्या केल्या. पुस्तक देखणं झालं.

चार दिवस ती कामावरून आली की थोरलीच्या खोलीत डोकावायची. पाचव्या दिवशी मशीन बंद होतं. थोरली पदरानं डोळे पुसत होती आणि पुस्तक मिटलेलं होतं. धाकटीनं खुर्ची ओढली. हे वाक्य तिनं आठवडाभर घोकलं होतं.

"काय हो जाऊबाई, पुढे काय होणार म्हणून जीव खालीवर होत असेल नाही?"

"पुढे?" थोरली हसली. "पुढे कशाला गं? मिळाली की तिला आई! आठ भाग वणवण केली पोरीनं. आणि लिहिणाऱ्याची कमाल बघ. मिठी मारली, आणि मग कोरं पान. एक अक्षर नाही. माझ्यापुरती कथा संपली. नववा आणि दहावा मी वाचणारच नाही. काढ माझं नाव यादीतून."

ती आई नव्हतीच. आईचं रूप घेऊन चेटकीण उभी होती. त्या सोळा पानांत तिनं आतून कडी लावली होती, आणि खरी आई मुलगी घरातून निघण्याआधीच मेलेली होती. धाकटीला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं.

"तूही इथंच थांब, ऐक माझं," थोरली म्हणाली. "उगाच पुढचं वाचून एवढ्या चांगल्या शेवटाची माती करून घेऊ नकोस."

तिनं दोरा ओवला आणि मशीन सुरू केलं. ती काहीतरी गुणगुणत होती. धाकटी खुर्चीत तशीच बसून राहिली. ती सोळा पानं त्या घरात एकट्या तिनंच वाचली होती.