वाघुरीबाहेरचा माग

“घावला रं, घावला!” नाथाजीनं मांडीवर अशी थाप मारली की कपातला चहा बशीत उतरला. “दादासो, लांडगा घावला!”

माधवनगरचा दादासो बऱ्याच दिवसांनी म्हसवडला आला होता. समाजाच्या वेबसाइटला सर्व्हरवर जागा त्यानंच दिलेली, आणि ती राखायची कशी हे नाथाजीला शिकवलंही त्यानंच. गुडघे गेले, मेंढरं विकली, तेव्हा समाजाची मंडळी नाथाजीला म्हणाली, बसल्या जागी एवढं राख. शिकायला त्याला वेळ लागला नाही. होस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवणं आणि सिक्युरिटी म्हणजे त्यांच्याभोवती लावलेली जाळ्याची वाघूर, हे त्यानं पहिल्याच चहात ओळखलं. पासवर्ड तर असा ठेवला की खुद्द सिद्धनाथ देवाला आत यायचं असतं, तर त्यालाही नाथाजीच्या पाया पडावं लागलं असतं.

आणि माग काढण्यात त्याचा हात धरणारा माणदेशात कुणी नव्हता. खुरावरून मेंढी कुठल्या वाड्यातली ते कुणीही सांगेल. नाथाजी लांडग्याचं पाऊल बघून तो उपाशी निजलाय की बायकोशी भांडून निघालाय, तेही सांगायचा. खोटं वाटत असेल तर त्या लांडग्याला विचारावं.

त्यामुळे दादासोनं लॉग उघडून दाखवला, कोण आलं, कवा आलं, कुठल्या पानावर गेलं याची प्रत्येकाची ओळ उमटते म्हणून सांगितलं, तेव्हा नाथाजी खुशीत ओरडला होता, “म्हंजी मागच की रं!” माणसाचं नाव त्यात नसे. नुसता आकड्यांचा पत्ता. पण लांडग्याला तरी कुठं नाव असतं?

“ह्यो बघ.” नाथाजीनं स्क्रीनवर बोट ठेवलं. “रोज दुपारच्याला यायचा. बाकीची मानसं जत्रंचं फोटू बघत्यात, गजीचा नाच बघत्यात, हिकडं तिकडं हिंडत्यात. ह्यो न्हाई. सरळ एकाच जागी जायचा. लांडगा असाच जागा हेरून ठेवतो, मंग घास घेतो. तू दावलेलं ते बटान दाबलं आन् अडवला गड्याला.”

दादासो हसला. “आवं आबा, चोर लॉगिनच्या दारावर धडका मारतो. पानं बघत बसत न्हाई. कुठल्या पानावर जायचा ह्यो?”

“ते इंग्रजीत हाय. मी पावलं बघितली.”

दादासोनं लॅपटॉप आपल्याकडं वळवला. वाचता वाचता त्याचं हसू उतरलं.

“आबा, ह्यो बयामावशीच्या पानावर जायचा.”

समाजातल्या गेलेल्या माणसांची पानं होती त्या साइटवर. बयाबाईच्या पानावर तिचा फोटो होता, आणि तिच्याच आवाजातल्या ओव्या. त्या नाथाजीनंच चढवल्या होत्या. फाइल कशी चढवायची हे तो शिकला, तेच मुळी बायकोच्या ओव्यांपायी.

“पान उघडायचा, ओव्या लावायचा. बास. दुसरं काय न्हाई.” दादासोनं तो आकड्यांचा पत्ता कुठला ते शोधून बघितलं. “हुबळी दावतंय. हुबळीला कोण हाय आबा तुमचं?”

“कोण न्हाई.”

हे उत्तर त्याच्या तोंडात तयारच असायचं. हुबळीच्या पोराचा हात धरून स्वप्नाली घरातनं निघून गेली, त्या दिवसापासून. लेक मेली, असं त्यानं गावभर सांगितलं होतं. पुढं बयाबाई खरोखरच गेली, तर हुबळीला कळवायचं न्हाई म्हणून साऱ्या घराला शपथ घातली होती.

बशीतला चहा निवून त्यावर साय धरली. नाथाजीनं बशी बाजूला सारली.

“अडवल्याव मानसाला काय दिसतं रं?”

“पाटी दिसती. मजकूर आपुन घालायचा.” दादासो थांबला. “तुमी काय घातलाय?”

दादासोनंच पाटी उघडली. एका बोटानं, दुपारभर खपून टाइप केलेल्या दोन ओळी होत्या आणि खाली नाव.

‘वास काढत येऊ नगंस. हितं तुजं कोण न्हाई. नाथाजी.’

दादासोनं आधी ती पाटी पुसली, मग अडवलेला पत्ता मोकळा केला. “झालं, आबा. आता कुणी अडवायचं न्हाई. सरळ आत येता ईल.”

“तिनं वाचली का?”

ती म्हणजे कोण, हे दादासोनं विचारलं नाही. त्यानं लॉग खालपर्यंत सरकवला.

“तुमी अडवल्याव एकदा आलीया. पाटी दिसली आसंल.”

“आन् मंग?”

“मंग न्हाई.”

“नीट बघ की रं.”

“बघितलं, आबा. न्हाई.”

नाथाजी पुढं वाकला. रानात भुईवर वाकायचा तसा, नाक काचेला टेकेपर्यंत. शेवटच्या त्या ओळीवर त्यानं बोट टेकवलं.

“ही आल्याची खूण झाली,” तो म्हणाला. “गेल्याचा माग कुठाय?”

“त्यो ह्यात उमटत न्हाई. येनाऱ्याची ओळ पडती. जानाऱ्याची न्हाई.”

नाथाजीनं बोट उचललं नाही.

“मंग ती गेली न्हाई,” तो म्हणाला. “हितंच आसंल. दारात हुबी आसंल.”