कोपराखाली चार बोटं

"बाई, चपला घाला. आत खिळेच खिळे हायेत," पुंजाजी मिस्त्री आतून ओरडला.

"असू द्या," प्रमोदिनी म्हणाली. चपला उंबऱ्याबाहेर जोडीने ठेवून, विटांच्या तुकड्यांतून वाट काढत ती आत आली. हातात स्टीलचा थर्मास. हा दहाचा चहा. दुसरा चारला.

जठारपेठेतलं ते घर महिनाभर उघडं पडलं होतं. हॉलची फरशी निघाली होती, स्वयंपाकघरातला ओटा फोडला होता, न्हाणीत नळांची तोंडं भिंतीतून बाहेर डोकावत होती. झोपायला प्रमोदिनी शेजारच्या दोन खोल्यांत होती. दिवस मात्र इथेच जायचा, प्लास्टिकच्या खुर्चीत, धूळ खात. नारायणराव जाऊन सहा वर्षं झाली होती. इतकी माणसं एकदम बोलताना, भांडताना तिने तेव्हापासून ऐकली नव्हती. धुळीचं तिला काही वाटत नव्हतं.

पहिल्याच दिवशी पुंजाजीने सांगून टाकलं होतं, "तुमच्या पोट्ट्याचा फोन आलता पुन्यावून. म्हने बाई हायेत तिथं, त्याइलेच विचारत जा."

"म्हणाला असेल पुष्कर," असं म्हणून प्रमोदिनीने कप पुढे केला होता.

तेव्हापासून पुंजाजी विचारत होता.

"देव कुठं बसवाचे?"

"पूर्वेला."

"हालमदी झुल्याची कडी ठोकू का?"

"ठोका. स्वराली येईल."

स्वराली सहा वर्षांची. प्रमोदिनीने तिला पाहिलं होतं ते मोबाइलवरच्या फोटोत, पुढचे दोन दात पडलेली.

झालेल्या कामाचा फोटो ती रोज पुष्करला पाठवायची. उत्तरात एक अंगठा यायचा. एकदा दोन आले. त्या दिवशी चहात आलं जरा जास्त पडलं.

एकाच ठिकाणी ती अडली. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते तिला सांगता येईना.

"घ्या! घरचा कॉक मालूम नाई?" पुंजाजी हसला.

"कधी कामच नाही पडलं."

"हाव, तेही खरंच. बायकाईले कोन सांगते," म्हणत तो अंगणभर हिंडला आणि तुळशीमागे त्याला कॉक सापडला.

मग ओट्याचा दिवस आला.

"बाई, कोपर वाकवा."

"कशाला?"

"ओटा काय दुकानात भेटते? घरच्या बाईच्या कोपराखाली चार बोटं. माह्या बापानं असाच केला, मी बी असाच करतो. नाई तं जिंदगीभर कंबर बोंबलते. उभ्या राहा. पोया लाटून राह्यल्या असं समजा."

"पुष्करला विचारा ना. अश्लेषाचं माप..."

"केलता फोन. मीटिंगमदी हाय. म्हने बाईले विचारा. आन् सुनबाई काय, मोबाइलवर जेवन बलावन. लाटनं तुमच्याच हाती येनार हाय."

प्रमोदिनीने पदर खोचला, पाय जुळवले आणि हवेत लाटणं धरलं. पुंजाजीने चार बोटं मोजली आणि भिंतीवर खडूने रेघ मारली.

रेघ बरीच खाली आली. प्रमोदिनी होतीच ठेंगणी. लग्न झाल्यापासून पायाखाली पाट घेऊन ती पोळ्या लाटत आली होती आणि तुला ओटा केवढा पाहिजे, हे तिला कोणीही, कधीही विचारलं नव्हतं. तिने रेघेचा फोटो काढला. पुष्करला मात्र तो पाठवला नाही.

"दसऱ्यापर्यंत व्हायला पाहिजे हो," ती रोज बजावायची. "दसऱ्याला येतो तो. कायमचा. ऑफिस आता घरूनच आहे त्याचं."

"असंच परतवाड्याले एक घर केलं म्या," पुंजाजी तोंडातली सुपारी फिरवत म्हणाला. "झुला बी टांगला. पोट्टे आलेच नाई. आता झुल्यावर कबुतरं बसतात."

"पुष्कर येईल."

"आला तं मले जेवाले बलावजा."

"कढी-गोळे करीन. या घरात संध्याकाळी दिवा दिसला की झालं. मला दुसरं काही नको."

त्या दिवसापासून पुंजाजीने एक गडी वाढवला.

काम दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपलं. काळा ओटा आरशासारखा चमकत होता. "पह्यला गॅस तुमीच पेटवा," पुंजाजी म्हणाला. प्रमोदिनीने ओट्यावर दोन्ही तळवे ठेवून पाहिले. खांदे उचलावे लागले नाहीत.

"नको," ती म्हणाली. "अश्लेषा पेटवील."

दसऱ्याला सकाळी शेजारच्या खोलीत कढी-गोळे करून, डबा घेऊन ती आली तेव्हा फाटकाशी गाडी उभी होती. दाराला पुंजाजीने स्वतः तोरण लावलं होतं. स्वराली तिच्या बाजूने धावत सुटली ती थेट झुल्यावर. दात आले होते आता.

प्रमोदिनी दाराबाहेर चपला काढू लागली.

"इतका खाली ओटा?" आतून आवाज आला. अश्लेषा उंच होती. "वाकूनच करायचा का मी जन्मभर स्वयंपाक? कोणाच्या मापाने केलात हा?"

"बाईच्या," पुंजाजी म्हणाला. "घरच्या बाईचंच माप घेतो आमी."

"घरच्या बाई कोण?" पुष्करने विचारलं. मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं आणि तो मोकळं हसला. "अच्छा! अहो मिस्त्री, या शेजारच्या काकू. आई गेल्यापासून किल्ली यांच्याकडे ठेवली होती आम्ही. द्या काकू, सुटलात आता."