दंडावरचं माप
एवढ्या उकाड्यात लेक लांब बाह्यांचा ड्रेस घालून आली, तेव्हाच मनात शंकेची पाल चुकचुकली. बाही वर सारली, तर दंडावर चार बोटांच्या काळ्यानिळ्या खुणा. “माझंच शरीर माझ्या रक्तातल्या प्लेटलेट्स मारतंय, आई. जरा दाबलं तरी असं होतं, डॉक्टर म्हणाले.” “डॉक्टर म्हणाले, की नवऱ्यानं पढवलं?” तेवढ्यात जावई न्यायला आले. मी शिंपीण, शर्टाच्या मापाचं निमित्त करून त्यांच्या पंजाला टेप लावली. पंजा रुंद भरला. लेकीच्या दंडावर टेप ठेवली; खुणा बोटभर अरुंद. मग कोणाच्या? मी माझीच बोटं ठेवून पाहिली. चारही चपखल बसली. परवा फिटिंगच्या वेळी “हलू नकोस” म्हणत मीच दंड धरला होता. लेकीनं बाही खाली ओढली. “तुला दिसू नये म्हणून लांब बाह्या घातल्या गं.”