घराण्याचं नाव

"ऑस्वल्ड म्हणजे देवाचं सामर्थ्य!" बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी आजोबांची छाती फुगली होती. "पहिला ऑस्वल्ड आपल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा. वैऱ्यांनी मुंडकं, हात तोडून खांबांवर टांगले, पण नाव राहिलं! माझा भाऊ ऑस्वल्ड सुरा पोटात घेऊनही लढला. आणि माझा लेक ऑस्वल्ड..."

लेकाचं डोकं गेल्याच महिन्यात गुत्त्यातल्या मारामारीत कुदळीनं फुटलं होतं. त्याचंच हे बाळ.

पाळकांनी विचारलं, "बाळाचं नाव?" धर्ममाता उच्चारेल तेच नाव, मग बदल नाही. बाळाला कवटाळून धर्ममाता झालेली आत्या म्हणाली, "सायलस."

"तो कबरी खणणारा थेरडा?" आजोबा गरजले. "त्यानं कसला पराक्रम केला?"

"तुमचे दोन्ही ऑस्वल्ड त्यानंच पुरले, बाबा. नव्वदीचा झालाय, आणि बघा, मागच्या बाकावर अजून गातोय."